आत्याचा प्रश्न मी मिटवला

बटणांवर काय लिहायचं हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत बसून 'सेव्ह' म्हणावं की 'डन' यावर मी आठ-आठ दिवस वाद घालते. त्यामुळे धाकट्या भावाच्या लग्नपत्रिकेचं काम घरात कुणाच्या गळ्यात पडलं, ते सांगायला नकोच.

मी मजकूर ऑनलाइन टाकला आणि अण्णांना (म्हणजे माझ्या वडिलांना) आणि जयनगरच्या आत्याला बघायला दिला. आत्या अण्णांची थोरली बहीण, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. अण्णांना तिनंच वाढवलं. तासाभरात तिनं कडेला टिप्पणी लिहिली: "निमंत्रकांत माझं नाव राहिलंय. आपल्यात आत्याचं नाव घालतात."

खरंच राहिलं होतं की! मी जीभ चावली, तिचं नाव टाइप केलं, टिप्पणीवरचं 'रिझॉल्व्ह' (म्हणजे 'प्रश्न मिटला') दाबलं आणि खुशाल चहा प्यायला गेले.

घोळ असा, की मी होते 'सजेस्टिंग'मध्ये. तिथं लिहिलेलं हिरव्या अक्षरांत दिसतं, पण ती नुसती सूचना. कुणी मान्य केल्याशिवाय ती मजकुरात शिरत नाही. (हे मी ऑफिसात नव्या लोकांना शिकवते.) छापखान्यात पाठवण्याआधी अण्णांनी ते हिरवं पाहिलं आणि शेजारची फुली दाबली. रंगीत गिचमिड साफ केली, असं वर अभिमानानं सांगितलं.

आणि 'रिझॉल्व्ह' दाबलं की टिप्पणी समोरून जाते, शिवाय लिहिणाऱ्याला तसा मेल जातो. म्हणजे आत्याच्या बाजूनं बघा: तिनं आपलं नाव विचारलं, भाचीनं प्रश्नच पुसला, विषय संपल्याचं मेलनं कळवलं आणि तिच्या नावाशिवाय तीनशे पत्रिका छापून आल्या.

फोनवर ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"सरी," ती म्हणाली, म्हणजे कानडीत 'बरं'. "लग्नाला येईन. पाहुण्यासारखी येईन, जेवेन, जाईन. केळवणाचं तेवढं तुम्ही तुमचं बघा."

आमच्याकडे पहिलं केळवण आत्याच्या घरी. ते झाल्याशिवाय लग्नघर सुरूच होत नाही. अण्णा ताटावर बसले, पण घास उतरेना. भाऊ मला 'रिझॉल्व्हताई' म्हणायला लागला. लग्न बारा दिवसांवर, नव्यानं छापायला छापखान्याला वेळ नाही. शेवटी पत्रिकांचा गठ्ठा रिक्षात घालून मी जे. पी. नगरहून जयनगर गाठलं.

आत्याला मी सजेस्टिंग, एडिटिंग, रिझॉल्व्ह सगळं समजावलं. गृहपाठाची वही घरी विसरलेल्या मुलाचं ऐकावं तसं तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं नाव होतं, पण नव्हतं."

"हो."

"आणि माझा प्रश्न मिटला असं तू मशीनला सांगितलंस. मला विचारलंस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी पेन काढलं आणि पहिल्या पत्रिकेवर हातानं तिचं नाव लिहिलं. मग दुसऱ्या. आत्या शेजारी येऊन बसली, पण मदतीला नव्हे, तपासायला. "स्वल्प डावीकडून घे. ओळ वाकडी जातीय." अकरा पत्रिका तिनं अक्षरासाठी नापास केल्या! तीन संध्याकाळी मी शुद्धलेखनाच्या तासाला बसल्यासारखी बसले.

शेवटची पत्रिका लिहून झाल्यावर मी हळूच विचारलं, "आत्या, आता मिटलं का गं?"

"रविवारी केळवण. पुरणपोळी करते म्हणून अण्णाला सांग," ती म्हणाली आणि चष्मा लावून फोन पुढं केला. "माझं ते लिहिलेलं परत आण."

मी टिप्पणी पुन्हा उघडून दिली. तिनं ती नीट वाचली आणि स्वतःच्या बोटानं 'रिझॉल्व्ह' दाबलं.

"ज्याचा प्रश्न, त्यानं दाबायचं असतं हे."

एवढं एक वाक्य सुचायला आमच्या ऑफिसात चार महिने बैठका चालल्या असत्या. आत्याला ते फुकट सुचलं. पगार अजून मीच घेते.