झोळीत तांदूळ नव्हते

"आजोबा, शर्ट काढा."

डहाणू रोडच्या हॉलात, स्टेजच्या मागच्या बाजूला, त्या मॅडम मला असं बोलल्या. वय असेल पंचविशीचं. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. मला वाटलं शर्टाला मागून काही लागलंय. मी मान वळवून बघायला लागलो. तर त्या म्हणाल्या, "तसं नाही हो. शर्टात तुम्ही आदिवासी वाटत नाही."

मी काढला.

हे आधीच सांगून टाकतो. मी नाही म्हणालो नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, बायको जाऊन दीड महिना झालेला, आणि एका पोरीने सांगितलं म्हणून मी बटणं काढत उभा राहिलो. आतलं बनियनही काढायला लावलं. पँटवरून गुंडाळायला एक लाल फडकं दिलं, डोक्याला बांधायला दुसरं. फडकी नवी होती, दुकानाची घडी तशीच होती त्यांच्यावर. वर पंखा फिरत होता. छातीच्या बरगड्यांवर गार वारा लागत होता. शर्ट कुठे ठेवू विचारलं, तर खुर्चीवर टाका म्हणाल्या.

बाहेर माइकवर नावं घेणं चालू होतं. सत्कार होता. लहान मुलांचे एक मोठे डॉक्टर आहेत. आमच्या भागात, कैनाडपासून पार तलासरीच्या पाड्यांपर्यंत, नव्या जन्मलेल्या पोरांवर त्यांनी काही वर्षं संशोधन केलं. त्याबद्दल त्यांना मोठा पुरस्कार मिळाला. आता मुंबईच्या एका मोठ्या बालरुग्णालयाचे ते प्रमुख होणार होते. म्हणून जिथे काम केलं तिथे सत्कार.

मला बोलावलं ते झोळीसाठी.

झोळी माझ्या बायकोची. तिचं नाव मथी. मी दुसरीपर्यंत शिकलो, ती शाळेत गेलीच नाही. पण ती सुईण होती, आणि आसपासच्या पाड्यांवर तिच्या हातून जन्मलेली पोरं आता बाप झालीत.

डॉक्टरांची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्याकडे हुकाला टांगून तोलायचा स्प्रिंगचा काटा होता. जन्मल्याबरोबर पोराचं वजन करायचं, म्हणजे अशक्त पोर लगेच कळतं, असं त्यांचं म्हणणं. खरंही होतं. पण त्यांना कोणी दारात उभं करेना. आमच्यात पाचवी होईपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत परका माणूस जात नाही. आणि जितं माणूस काट्यावर घालत नाहीत. काट्यावर मासळी जाते, भात जातो, जे विकायचं ते जातं. पोर काट्यावर चढवलं की ते घरातून जातं, असं आमच्या म्हाताऱ्या सांगायच्या. जीप यायची, पाड्यावर थांबायची, धूळ उडवून परत जायची. त्यांच्यातला एकजण एकदा चिडून म्हणाला, या लोकांना पोरं जगवायचीच नाहीत.

ते मथीने ऐकलं. घरी आल्यावर चूल पेटवायची सोडून बसून राहिली.

आमची पहिली मुलगी तिसऱ्या दिवशी गेली होती. पाचवीच्या आधी, म्हणजे नाव नाही, मोजदाद नाही, कुठे लिहिलेलं नाही. त्या दिवशी मथी म्हणाली, "आपली किती वजनाची होती, ते कळलंच नाय." इतक्या वर्षांनी बोलली. मी तर समजत होतो ती विसरली.

दुसऱ्या दिवशी तिने आपलं जुनं लुगडं फाडून झोळी शिवली. एक शेर तांदूळ फडक्यात बांधले. काटा मागून घेतला आणि माळ्या नावाच्या शेजाऱ्याच्या घरात शिरली, तिथे आदल्या दिवशी सून बाळंत झाली होती. सासू आडवी आली. मथीने तिला सांगितलं, "मी तांदूळ तोलतंय. बाळंतिणीच्या पेजेचे. पोर निजलंय त्यात, निजूंदे." सासू बाजूला झाली.

एवढंच. तांदूळ तोलायला कोणाची ना नाही. पोर त्यात नुसतं निजलेलं. तोलून झालं की तांदूळ बाळंतिणीला पेजेला ठेवायचे. रिकाम्या हाताने आलेली सुईण आणि पेजेचे तांदूळ घेऊन आलेली सुईण यात फरक असतो.

मथीला आकडे वाचता येत नव्हते. काटा जिथे थांबेल तिथे ती अंगठ्याचं नख दाबून धरायची आणि तसाच काटा बाहेर आणायची. अंगणात डॉक्टरांकडची एक मुलगी वही घेऊन बसलेली असायची. ती आकडा वाचायची, शेराचं वजन वजा करायची, लिहायची. नंतर मी बैलाच्या शिंगाला लावायच्या रंगाने काट्यावर एक लाल रेघ मारली. त्या मुलीने हिशेब करून जागा दाखवली, तांदळाचं वजन धरून. काटा रेघेपर्यंत उतरला नाही, तर पोर अशक्त, वहीची वाट बघायची नाही, तडक गाडी बोलवायची. त्या रेघेवर किती पोरं दवाखान्यात पोचली ते मी मोजलं नाही. मथीने प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवलं होतं.

मी तिच्याबरोबर चालायचो, तांदळाची पिशवी घेऊन. माणूस बाप्या, आत जायची सोय नाही. अंगणात बसायचो. तिचा आवाज आतून यायचा. तो आवाज आता येत नाही.

डॉक्टर स्वतः कधीतरी यायचे. चांगले बोलायचे. मथीला मावशी म्हणायचे. सगळेच मावशी म्हणायचे. तिचं नाव कोणी विचारलं नाही, आणि तिनेही कोणाला सांगितलं नाही. एकदा मात्र डॉक्टर म्हणाले होते, "मावशी, हे काम मोठं झालं ना, की तुम्हाला स्टेजवर बसवणार." ती हसली. घरी येऊन मला म्हणाली, स्टेजवर बसून मी काय करू, नाव लिहिलं तरी बास. तेवढंच मागितलं तिने सगळ्या जन्मात. तेही त्यांच्यासमोर नाही, माझ्यासमोर.

मग ती गेली. ताप आला, चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी सकाळी उठली नाही.

आमच्यात मेलेल्या माणसाच्या हातची वस्तू त्याच्याबरोबर देतात. कोयता, टोपली, जे असेल ते. रूपजी आमच्यातला जाणता. तो म्हणाला, झोळी दे. नेमका त्याच सकाळी मॅडमचा फोन आला होता, सत्काराला मावशींना घेऊन या म्हणून. मी सांगितलं, ती गेली. त्या म्हणाल्या, अरेरे, बरं, मग झोळी तरी जपून ठेवा. आणि मी ठेवली. सरणावर ठेवली नाही. मला वाटलं ती नाही तर तिची झोळी स्टेजवर जाईल, तिचं नाव घेतील. चुकलास, एवढंच रूपजी बोलला.

तर अशा लोभाने मी त्या हॉलात उघडा उभा होतो.

मला स्टेजवर नेलं. एका लोखंडी स्टँडला काटा टांगलेला, काट्याला झोळी, झोळीत प्लास्टिकची बाहुली. मी झोळीला हात लावून उभं राहायचं, असं ठरलेलं. पुढच्या रांगेत बागायतदार मंडळी. त्यांच्यात आमचे शेठही होते, ज्यांच्या चिकूच्या वाडीत माझी अर्धी उमर गेली. त्यांनी मला ओळखलं. शेजारच्याला कोपर मारून म्हणाले, "अरे, हा तर आपल्या वाडीवरचा. आज एकदम हिरो." सगळी रांग हसली. मीही हसलो. सवय असते.

प्रत्येक खुर्चीवर एक रंगीत पुस्तक ठेवलेलं. माझ्यासमोरच्या टेबलावर एक उघडं होतं. त्यात फोटो. मध्ये डॉक्टर, समोर झोळी, झोळीत पोर. आणि कडेला दोन हात, कोपरापर्यंत. बाकी बाई कापलेली. पण हातावर गोंदण होतं, मनगटाच्या वर, आणि ते गोंदण मी पन्नास वर्षं भाकरी थापताना बघितलंय. खाली काही लिहिलेलं. मी अक्षर अक्षर जोडून वाचलं. "डॉक्टर, एका लाभार्थीसह."

लाभार्थी.

डॉक्टर बोलायला उभे राहिले. वाईट माणूस नाही तो. पोरांसाठी झटला, ते मी नाकारत नाही. पण तो काय बोलला ते जसंच्या तसं सांगतो.

"इथले लोक अज्ञानी होते. मुलाचं वजन करू देत नसत. मग मी ही झोळीची युक्ती काढली. बाळाजवळ तांदूळ ठेवायची एक अंधश्रद्धा इथे होती. ती आम्ही चालू दिली. लोकांच्या भावना सांभाळाव्या लागतात."

मग ते झोळीकडे आले. लाल रेघेवर बोट ठेवलं. म्हणाले, बघा, काटा रेघेच्या वर आहे, म्हणजे हे बाळ धोक्यात आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी झोळीत बघितलं. तांदूळ नव्हते.

तांदळाविना ती रेघ खोटी. धडधाकट पोर ठेवलं तरी काटा वरच राहणार. ज्याने ती रेघ जगाला दाखवून पुरस्कार घेतला, त्याला ती रेघ कळलेलीच नव्हती. एवढी वर्षं त्याच्याकडे फक्त आकडे पोचले. मथी पोचलीच नाही.

माझ्या डोक्यात काही पेटलं वगैरे नाही. उलट सगळं शांत झालं. मी झोळीतून बाहुली काढली आणि टेबलावर ठेवली. झोळी हुकावरून सोडवली, खांद्यावर टाकली. डोक्याचं फडकं काढलं, कमरेचं काढलं, घडी करून बाहुलीशेजारी ठेवलं. मॅडम कडेने हातवारे करत होत्या. मी माइकजवळ गेलो. माइक उंच होता, तरी आवाज गेला.

"तांदूळ कुठे आहेत?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्या उघड्या खांद्यावर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाले, "आजोबा, नंतर बोलू."

"ती अंधश्रद्धा नव्हती," मी म्हणालो. "रेघ तांदूळ धरून मारलीय. मी मारलीय. युक्ती माझ्या बायकोची. तिचं नाव मथी. तिचं नाव घ्या, मग झोळी ठेवतो."

शेठ खाली बघत होते. डॉक्टरांना आठवलं असावं, चेहरा पडला त्यांचा. ते माइककडे वळले. मला वाटलं आता घेतील. ते म्हणाले, "आमच्या एक मावशी होत्या. फार साध्या. त्यांचं नुकतंच निधन झालं, म्हणून आजोबा जरा हळवे झालेत. आपण समजून घेऊ."

पुन्हा टाळ्या. माझ्या दुःखाला टाळ्या.

मी स्टेजवरून उतरलो. खुर्चीवरचा शर्ट उचलला आणि तिथेच, सगळ्यांच्या समोर, एकेक बटण लावलं. घाई केली नाही. वाणगावच्या बाजूला जाणाऱ्या रिक्षात बसलो तेव्हा रडू आलं. ती असती तर म्हणाली असती, कशाला बोललात. ती तशीच होती. पण ती आता नाही, आणि मी तिच्या गप्प राहण्याचा आणखी वापर होऊ देणार नाही.

आठ दिवसांनी जीप पाड्यावर आली. त्याच मॅडम. या वेळी माझ्या ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या. नव्या रुग्णालयाच्या दारात काचेचं कपाट करणार आहेत, त्यात झोळी ठेवायची आहे. कागद आणला होता, मी सही करायची. पाटीवर काय लिहिणार, विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं. वर डॉक्टरांचं नाव, हुद्दा, पुरस्कार. खाली बारीक अक्षरात, "स्थानिक महिलांच्या सहकार्याने."

"किती महिला होत्या?" मी विचारलं.

त्यांनी कागद उलटून बघितला.

"एक होती. मथी."

त्या म्हणाल्या, पाटीचा मजकूर मुंबईहून मंजूर झालाय. मग जरा जवळ सरकून, समजुतीने म्हणाल्या, "आजोबा, आता त्या नाहीत. नावाने काय फरक पडतो?"

मी म्हटलं, पोरी, फरक पडत नसेल तर डॉक्टरांचं काढा.

जीप गेली. रूपजी आला. म्हणाला, आता तरी जाळ, तिची वाट मोकळी कर. त्याचं बरोबर आहे, आमच्या रीतीने बरोबर आहे. पण मी नाही म्हणालो. आमची मुलगी न लिहिता गेली. मथी तशी जाणार नाही.

झोळी मी देणार नाही आणि जाळणारही नाही. कुठे बाळंतपण झालं तर ती मथीच्या हाताखाली शिकलेल्या आमच्या सुनेच्या हाती जाईल, तांदळासकट, आणि त्या घरात शिरताना सून आधी सांगेल ही रीत कोणाची. मी मेलो तर माझ्या सरणावरही ती ठेवायची नाही, हे रूपजीला चार माणसांसमोर सांगून ठेवलंय. डॉक्टर त्या मोठ्या खुर्चीवर बसतील तेव्हा मी मुंबईला जाणार. आत घेतलं नाही तर दारात बसणार. हाकललं तर परत येणार. मला सत्कार नको, पैसा नको, कोणाची माफीही नको. पाटी हवी. पाटीवर पहिलं नाव मथीचं, अख्खं, मोठ्या अक्षरात.

त्याच्या खाली डॉक्टरांनी आपलं लिहावं.