वाकळेखालचा फोटो

बावधनला बहिणीच्या घरून निघाले, तेव्हा माझ्या पिशवीत चार कॅमेरे होते आणि बहिणीच्या मते डोक्यात एकही शहाणा विचार नव्हता.

चारही कॅमेरे माझ्या मामांचे, चारही एकाच जुन्या जपानी कंपनीचे. कंपनीने नवे काही काढले की मामांना ते हवेच असे. पहिला भात्याचा, पेटीसारखा उलगडणारा. दुसरा दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा. तिसरा पोटात आरसा असलेला, डोळ्याला लावायचा. चौथा सगळे स्वतःच ठरवणारा. मुळशीच्या धरणाकाठी एकाच जागेवरून चौघांनी फोटो काढायचे, म्हणजे कंपनी एवढ्या वर्षांत काय काय शिकली ते शेजारी शेजारी ठेवून बघता येईल, असा माझा बेत होता.

पिरंगुटपर्यंतच सर्वांत हुशार कॅमेरा मुका झाला. सेल संपला होता. तिसऱ्याने मात्र बसच्या खिडकीतून टेकड्या, नवे टॉवर, दुकानांच्या पाट्या असे पस्तीस फोटो मी हावरटासारखे काढून टाकले होते.

घोटावडे फाटा मागे पडला आणि बस पंक्चर झाली. "अर्धा तास तरी लागंल," ड्रायव्हर म्हणाला. मी उतरले. रस्त्याला लागूनच भाताचे खाचर (बांध घातलेले शेत) होते. कापणी चालली होती आणि अंबेमोहोराचा वास सडकेपर्यंत येत होता. शेताच्या दोन टोकांना दोन बायका पेंढ्या बांधत होत्या.

"जमिनीचा फोटू घ्याया आलाय व्हय? इकून झालीय ती. ह्ये शेवटचंच पीक," थोरली म्हणाली. त्या पारूबाई.

"जमिनीचा नाही. तुमचा काढू का? दोघींचा?"

"तिला इचारा, यायचं हाय का."

ती, म्हणजे त्यांची धाकटी जाऊ सुमन, आता हाकेच्या अंतरावर उभी होती. "त्यांना म्हणावं, मी येतीया," तिने मलाच सांगितले. वाटणी झाल्यापासून पाच वर्षे दोघींचे बोलणे असे तिसऱ्यामार्फत चालत होते. आज ती तिसरी मी होते.

भात्याच्या कॅमेऱ्याला अंतर सांगावे लागते. दोघी डोक्यावर एकेक पेंढी घेऊन उभ्या राहिल्या. मी पावले मोजली, भिंग फिरवले, एक फोटो घेतला. दोघींच्या मधून बैलगाडी गेली असती.

मग दोन भिंगांचा काढला. ह्याच्या काचेत डावे ते उजवे दिसते. हे मला माहीत होते, पण घाईत विसरले. काचेत बघून हाताने "इकडे, इकडे" करत मी दोघींना आणखी लांब पाठवले. चूक कळल्यावर ओरडले, "उलट! उलट या!" दोघी डोक्यावरच्या पेंढ्यांसकट एकदम वळल्या आणि धाडकन एकमेकींवर आदळल्या. सुमन स्वतःच्या पेंढीवर बसलीच, वर पारूबाईंची पेंढी तिच्या मांडीत. पारूबाईंनी तोंड गंभीर ठेवायचा फार प्रयत्न केला. मग पदर तोंडाला लावून त्या अशा हसत सुटल्या, की सुमनलाही आवरेना.

मी तिसरा कॅमेरा डोळ्याला लावला. आरशात सगळे सरळ दिसत होते. खट्! छत्तिसावा फोटो. आणखी एक मिळेल म्हणून रीळ पुढे सरकवायचा खटका जोरात ओढला आणि आत टर्रकन आवाज झाला. रीळ डबीतून तुटून आले होते. ते परत गुंडाळता येईना.

"दाव की," सुमन म्हणाली.

"ह्यात लगेच दिसत नाही. आणि आता उघडला, तर उजेड लागून सगळंच पुसलं जाईल."

"म्हंजी आमचं हसनं बी ग्येलं?" पारूबाईंनी विचारले.

पारूबाईंनी कमरेचा मोबाइल काढला. "थांबा. पौडच्या हमीदभाईला बोलावते. माज्या लग्नाचं फोटू त्येनंच काढल्यात."

तिकडे बसने हॉर्न दिला. मी हात हलवून तिला जायला सांगितले.

हमीदभाई स्कूटरवरून आले. सत्तरी ओलांडलेले, दुकानात आता पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स. "रीळ हातात घेऊन लई वर्सं झाली, ताई. बोटं इसरली नसली म्हंजी बरं."

पारूबाईंच्या घरात मधल्या खोलीची खिडकी पोत्याने झाकली. हमीदभाई कॅमेरा आणि उजेड न शिरणारी एक काळी डबी घेऊन जमिनीवर बसले. त्यांच्यावर दोन वाकळा (जुन्या लुगड्यांच्या गोधड्या) टाकल्या. एका बाजूची कड पारूबाईंनी दाबून धरली, दुसरी सुमनने.

"तिकडनं दाब गं, उजेड जाईल आत!" पारूबाई म्हणाल्या. थेट सुमनला.

सुमनने आपली कड आणखी घट्ट दाबली. "दाबलंय, जाऊबाई. तुमच्याच अंगाचं उचललंय."

"माज्या अंगाचं कुटं? नीट बघ की!"

"भांडान नंतर करा," वाकळेखालून आवाज आला, "मला श्वास घिऊ द्या!"

घामाने निथळत ते बाहेर आले, तेव्हा डबीचे झाकण घट्ट लागलेले होते. "घ्या. समदं आत हाय." आणि लहान मुलासारखे हसले.

जेवायला नव्या तांदळाचा भात, काळ्या घेवड्याची आमटी, ठेचा. तिसऱ्यांदा भात वाढताना सुमनने "वाढू का" असे कुणालाच विचारले नाही. हात पुसून हमीदभाईंनी चारही कॅमेरे ओळीने मांडले. "ह्यो पावलं मोजायला लावायचा. ह्यो वाकायला लावायचा. ह्यो दिसतं तसं दावायचा. आन् ह्यो," मुक्या कॅमेऱ्यावर टिचकी मारत ते म्हणाले, "ह्याला आपली गरजच न्हाई. तितनं आमचा धंदा बसला." पण सांगताना त्यांचा हात दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावरून फिरतच होता.

धरण राहिलेच. संध्याकाळच्या बसने मी परतले.

साताऱ्याला घरी येऊन रीळ धुतले. शेवटच्या फोटोत पारूबाईंचा हात हललेला आहे, सुमनचे डोळे मिटलेले आहेत आणि कडेला रीळ फाटल्याचा ओरखडा आहे. मामांनी असा फोटो कधीच ठेवला नसता. ते फार काटेकोर. मी बराच वेळ तो उजेडात धरून बसले. इतकी वर्षे खपून कंपनीने दरवेळी जास्त चांगले दिसणारे काहीतरी बनवले. त्या दुपारी मात्र एक कॅमेरा चुकीचे दाखवणारा होता, म्हणूनच दोघी हसल्या.

मी त्या फोटोच्या तीन प्रती काढल्या. दोन जावांना दोन दारी पाठवल्या आणि तिसरी हमीदभाईंना. आठवड्याने त्यांचा फोन आला. त्यांनी ती झेरॉक्सच्या यंत्रावर, गिऱ्हाइकाला समोरच दिसेल अशी लावली होती.

"लोक इचारत्यात, ह्या कोन?" ते म्हणाले. "मी म्हनतो, त्ये सोडा. रीळ कुनी सोडवलं, त्ये इचारा."