दाराखालची ओल

आमच्या उमरखेडकडे कालव्याची दारं उघडून शेतांना पाणी सोडणारे एक पाटकरी आहेत. दार बंद केलं की ते वाकून त्याच्याखाली हात घालतात आणि कुठे ओल लागत नाही ना, ते चाचपतात. तोवर कोणी हाक मारली तरी ओ देत नाहीत.

त्यांच्या यकृतात मोठी गाठ निघाली. कापून काढण्यासारखी नव्हती. नागपूरला डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी नेली, गाठीत औषध सोडलं आणि तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बंद केल्या. मी चौकशीला गेलो, तर मलाच समजावू लागले, "तिचं पानी तोडलं, गुरुजी. आता वाळते."

दोन महिन्यांनी तपासणी झाली. गाठ आक्रसली होती, पण एका कडेला जिवंत होती. दुसऱ्या दिवशी ते कालव्यावर हजर. मी तिथे भेटायला गेलो. त्यांनी बंद दारापलीकडचं हिरवं गवत दाखवलं.

"महिना झाला हे दार बंद आहे. थे गवत कुठून पेते, मले अजून सापडलं नाई. सोमवारी डॉक्टर पुन्हा नळी टाकून पाह्यतो म्हनते."

मग दाराखाली घालतात तसाच हात त्यांनी सदऱ्याखाली घातला आणि उजव्या बरगडीखाली चाचपू लागले. मी हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.