मसाल्याचा डबा रिकामा यायचा

हॉटेलाची पारख पाण्यावरून करावी, असं माझं मत आहे. पोऱ्याने पेला टेबलावर आदळला आणि निम्मं पाणी सांडलं, तर मागून येणारी भाजीही तशीच आदळलेली असते. किराणा दुकानाची पारख धण्यांवरून करावी. दुकानदाराने चार धणे चावून बघू दिले तर बसावं, "माल एक नंबर आहे" म्हणाला तर उठावं. पुढे नोकरीनिमित्त मी पुष्कळ गावं हिंडले, पुष्कळ ठिकाणी जेवले, आणि या दोन मतांमुळे बाहेर फारशी फसले नाही. फसले ती घरात, आणि ज्या माणसाने मला धणे चावून बघायला शिकवलं त्याच्याकडूनच.

तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आबा जळगावात कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनमध्ये कारकून होते आणि जिनच्या कामासाठी महिन्यातून दोनदा एसटीने धुळ्याला जायचे. त्यांना हॉटेलांचा भयंकर तिटकारा होता, निदान आम्हाला तसं सांगण्यात येई. "हॉटेलातलं तेल पोळ्याला कढईत पडतं ते दिवाळीला बाहेर निघतं," असं ते म्हणायचे. तिथे वनस्पती तूप वापरतात, उष्ट्या पेल्यांत पाणी देतात, आणि घरंदाज बाईमाणसाने तर त्या पायरीवर पाऊलही ठेवू नये, ही त्यांची ठाम मतं होती. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक खेपेला आई पहाटे उठून दुधात पीठ भिजवायची आणि दशम्या करायची. दशम्या, लसणाची चटणी आणि फोडणीच्या मिरच्या फडक्यात बांधून ती आबांच्या पिशवीत ठेवायची. फडकं संध्याकाळी रिकामं परत यायचं आणि आबा म्हणायचे, "तुझ्या दशमीसारखं या जगात काही नाही." आई लाजायची. मला तेव्हा आमचे आबा फार चांगले वाटायचे.

आईचं माहेर साक्रीकडचं. ती घरात आमच्याशी शहरी मराठी बोलायची, पण राग आला किंवा गहिवर आला की अहिराणीवर यायची. माहेरी जाताना आम्ही धुळ्याच्या स्टँडवर लिंबाखाली बसून त्याच गार दशम्या खायचो. समोरच्या हॉटेलातून फोडणीचा वास यायचा. एकदा ती मला हळूच म्हणाली, "दुसऱ्याच्या हातचं गरमागरम, आपण नुसतं बसून राहायचं आणि कोणी तरी आणून द्यायचं, असं एकदा खाऊन बघायचंय गं मला." मी ते आबांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "तुझ्या आईच्या हाताला जी चव आहे ती सोडून हॉटेलात कोण मरायला जाईल?"

आईच्या हाताला चव होती, त्यात काही खोटं नव्हतं. तिचा काळा मसाला आमच्या आळीत नावाजलेला होता. चैत्रात उन्हं तापली की आबा स्वतः बाजारात जायचे आणि मला बरोबर न्यायचे. मिरची हातात चुरडून बघायची, खोबऱ्याची वाटी वाजवून घ्यायची, दगडफुलात माती आहे का ते फुंकून पाहायचं, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. किराणा घेताना एवढा जीव लावणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही. मग घरी आई खोबरं सरळ निखाऱ्यावर टाकायची, पेट घेतला की वाटीखाली झाकून विझवायची. त्यात तिच्या माहेरच्या डोंगराकडून आलेले मूठभर कारळे भाजून पडायचे. कारळे आमच्याकडे मसाल्यात कोणी घालत नाही. त्यांनी मसाल्याला मागाहून जिभेवर येणारी एक किंचित कडवट चव यायची, ती फक्त आमच्या घरची होती.

उखळात मसाला कुटायला आई आणि मी. डोळे चुरचुरायचे, शिंकांनी छाती दुखायची, आणि तळहाताची आग रात्री ताकात हात बुडवले तरी जात नसे. आमच्या घरापुरता दोन शेर पुरला असता. आम्ही सात शेर कुटायचो. उरलेला पाच शेर मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून आबा धुळ्याला न्यायचे, ते त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी. ती आमची फुई. तिला लवकर वैधव्य आलं, मूलबाळ नव्हतं, आणि धुळ्याला सासरच्या पुतण्याच्या भरल्या घरात ती राहायची. "अक्काच्या हातात आता मुसळ उचलायची ताकद नाही," आबा सांगायचे, "आणि त्या घरात खाणारी तोंडं दहा." आई एका शब्दाने कुरकुरली नाही. नणंदेसाठी कुटायचं म्हटल्यावर ती पदर खोचून बसायची.

पण डबा परत यायचा तो रिकामा. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीने वाटीभर कढी दिली तर वाटी परत जाताना तिच्यात निदान गुळाचा खडा तरी जातो. तेवढीही ऐपत नसेल तर चिमूटभर साखर, तीही नसेल तर ज्वारीचे चार दाणे. रिकामं भांडं पाठवणं म्हणजे तुझं देणं मला पोचलं नाही असं तोंडावर सांगणं. पहिल्या वर्षी आई म्हणाली, विसरल्या असतील. दुसऱ्या वर्षी तिने डबा उलटा करून पाहिला. तिसऱ्या वर्षापासून तिचं मन फुईवरून उतरलं ते उतरलंच.

तुम्ही म्हणाल, एकदा विचारायचं. लग्नाकार्यात दोघी भेटत होत्या, एकमेकींशेजारी बसून जेवत होत्या. पण दिल्या वस्तूचं नाव आपण होऊन काढायचं नाही, आणि नणंदेकडे तर मुळीच नाही, ही आईची रीत. ती वाट बघायची की फुई काही तरी बोलेल. फुई तब्येतीचं बोलायची, पाऊसपाण्याचं बोलायची, माझ्या शाळेचं विचारायची. घरी आल्यावर आई म्हणायची, "बघितलंस? एवढं रक्त आटवून कुटतो आपण, अक्षराने बोलली नाही." मीही फुईला आखडू समजत होते. ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची तेव्हा मी अंग चोरून घ्यायची.

मी चौदा वर्षांची असताना, पावसाळ्याच्या तोंडावर, फुईचं पोस्टकार्ड आलं. आबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. ताप जात नाही, पुतण्याच्या घरी गर्दी आहे, पावसाळाभर तुमच्याकडे येऊन राहीन म्हणते. आबा घडवंचीशेजारी उभे राहून कोटाची बटणं लावत होते. आई चुलीपुढे होती. ती मागे न वळता म्हणाली, "मला नाही जमायचं. सात वर्षं माझ्या हातचं खाऊन ज्या बाईला रिकामा डबा पाठवताना काही वाटलं नाही, तिच्या पथ्यपाण्याला मी कशी पुरी पडणार? तिला माझ्या हातची चव लागत नाही." आबांनी टोपी घातली आणि ते कामावर गेले. मला वाटलं, बहिणीसाठी ते भांडतील. ते भांडले नाहीत, म्हणजे आईचंच बरोबर असणार, असं मी धरून चालले. उलट टपाली काय लिहून गेलं ते मला ठाऊक नाही. मार्गशीर्षात फुई त्या गर्दीच्या घरातच वारली.

आईला ते लागलं. पुढच्या चैत्रात आबा म्हणाले, "अक्का गेली तरी तिच्या घरच्यांची सवय मोडायला नको." आईने मान डोलावली आणि त्या वर्षी सातऐवजी नऊ शेर मसाला कुटला. हाताला फोड आले. मी मदतीला बसले तर मलाही उठवलं. गेलेल्या बाईचं तिला जे काही फेडायचं होतं, ते ती उखळात फेडत होती.

मग वर्षश्राद्ध आलं. आम्ही तिघं एसटीने धुळ्याला निघालो. पारोळ्याच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं, त्यात दोन तास गेले. शिवाय बाकाखाली कोणाचा तरी रॉकेलचा डबा कलंडला आणि आमचं दशम्यांचं फडकं भिजून चिंब झालं. धुळ्याला उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. सांगितल्याशिवाय अवेळी कोणाच्या दारात जेवायला जायचं नाही, आणि आईला तर उभं राहवत नव्हतं. मी म्हणाले, समोरच्या हॉटेलात जाऊ. आबा म्हणाले, ते हॉटेल घाणेरडं आहे, आपण पुढे बघू. पुढे गेलो तर पुढचं बंद. मी हट्टालाच पेटले. त्या समोरच्या हॉटेलात माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि दुपारी तीनला गर्दी असलेलं हॉटेल वाईट नसतं, हे माझं मत मी आबांना सुनावलं. आबांच्या कपाळाला घाम आला होता. मला वाटलं, चालून चालून.

आत गल्ल्यावरचा मालक आबांना बघून उठून उभा राहिला. आमच्याकडे लक्ष गेलं तसा तो परत बसला आणि वही चाळायला लागला. पोऱ्याने पाणी आणलं, सांडलं नाही. आम्हाला पडद्याआडच्या खोलीत बसवलं. आबांनी काही मागवलं नाही, तरी तीन थाळ्यांत शेवेची भाजी आणि भाकरी आली, आणि आबांच्या थाळीत वेगळा भाजलेला पापड आणि कांदा. आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती नवीन नवरीसारखी सावरून बसली होती आणि पेल्यावरून बोट फिरवत होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी तिच्यापुढे गरम थाळी आणून ठेवली होती.

तिने एक घास घेतला. हसरा चेहरा तसाच राहिला आणि नुसते डोळे थांबले. तिने भाकरी बाजूला ठेवली, रश्श्यात करंगळी बुडवली, जिभेवर ठेवली. मीही तेव्हा खाल्लं. तिखट गेलं आणि मागून जिभेवर ते कारळे आले.

वाढपी भाकरी घेऊन आला तेव्हा आईने त्याला अगदी साधेपणाने विचारलं, "हाऊ मसाला कोन कुटस, भाऊ?"

"जळगावथीन येस, ताई," तो आबांकडे हात करून कौतुकाने म्हणाला. "आपला भाऊच डबा भरीसन लई येतस ना दरसाल. बठ्ठं धुळं आठे खावाले येस ते त्याकरताच."

तो गेला. आबा भाकरीचे तुकडे करत राहिले, खात नव्हते. आई म्हणाली, "अक्काना घर चिमूटभरबी गया नही का?"

आबांनी नाही अशी मान हलवली.

हॉटेलमालक त्यांच्या गावचा, लहानपणचा सोबती होता. पैसे त्याने दिले का, मला माहीत नाही. दिले असते तर मला बरं वाटलं असतं. मी जेवढं समजू शकले ते एवढंच, की महिन्यातून दोनदा तिथे कोणी तरी आबांना बघून उठून उभं राहायचं. जिनमध्ये त्यांच्यासाठी कोणी उठत नसे. आमच्या दशम्यांचं फडकं स्टँडवरच्या गाईपुढे रिकामं व्हायचं, हेही त्यांनी पुढे कधी तरी कबूल केलं. आणि डबा! त्या शहाण्या माणसाला मिरची चुरडून बघता येत होती, पण डब्यात मूठभर शेंगदाणे टाकून आणावेत हे इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही. बाजार करणारा पुरुष, त्याला घराघरांतून भांडी कशी फिरतात ते माहीत नव्हतं. जी चूक तिची नव्हतीच, तिच्यासाठी माझी फुई आमच्या मनातून उतरली होती. मला त्या क्षणी आबांचा असा संताप आला की थाळी भिरकावून द्यावीशी वाटली.

आई मात्र शांत होती. ती म्हणाली, "अक्काना कार्डवर मना तोंडतून 'नही' निंघना, तवय तुम्ही तठेच व्हतात. काबर बोलनात नही?"

आबा कारकुनी मराठीत, खालच्या आवाजात म्हणाले, "बोललो असतो तर तू कुटणं बंद केलं असतंस."

आईने थाळी बाजूला सारली. तिने हात धुतले. मीही उठले.

फुईच्या घरी पोचलो तेव्हा पुतण्याची बायको उद्याच्या स्वयंपाकाचे तांदूळ निवडत होती. तिने आईला जवळ बसवलं, पाणी दिलं, आणि पहिल्याच भेटीत सांगून टाकावं तसं सांगितलं. शेवटच्या आठ दिवसांत फुई एकच बोलत होती. "मनं भावजयसंगे काय चुकनं, एकदाव इचारी पहा."

आईने तोंडावर पदर घेतला. मी आबांकडे बघितलं. ते उंबऱ्याबाहेर पाय धूत होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. फुईचं काही चुकलं नव्हतं, एवढं त्या घरात सांगू शकणारा तो एकच माणूस होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला, पाय पुसले, आणि उद्या भटजी किती वाजता येणार ते विचारलं.