आत्याला पाठवलेली डिस्क

आधी चहा संपवा, मग सांगते. मागच्या वेळी घाई केली तेव्हा एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता, आणि ती मला अजून माफ करत नाही.

तर, आमच्या बंगळूरच्या, बसवनगुडीतल्या घरी अप्पांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, सहस्रचंद्रदर्शन झालं. सगळं गोत जमलं, एक आत्या सोडून. ती तिकडे पुण्यात मांडीचं हाड मोडून पलंगावर. सख्ख्या बापाचं औक्षण हुकलं म्हणून फोनवर हुंदके देत होती. अमेरिकेहून आलेल्या चुलतभावाने सगळा सोहळा डिजिटल कॅमेऱ्यावर टिपला होता. मी जाहीर केलं, की याची डिस्क करून आत्याला मी पाठवणार.

प्रेमापोटी? छे हो. मला पुण्यात नोकरी लागली होती, आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, एकच पालुपद धरून बसले होते. "अक्का ठेवून घेते म्हणाली तर जा. नाही तर इथेच बँकेच्या परीक्षा दे." पदवी माझी, नोकरी माझी, आणि सही आत्याची! मग तिला खूश करायला नको?

काम सोपं होतं. कॅमेरा वायरने कॉम्प्युटरला जोडायचा, टेप चालवून त्यातलं सगळं आत घ्यायचं, मग ती फाइल टीव्हीवर चालणाऱ्या डिस्कच्या पद्धतीत बदलायची आणि डिस्कवर उतरवायची. फक्त तासाभराची टेप आत जायला पुरता तास लागतो, आणि फाइल बदलायला आख्खा दिवस.

अण्णा दारात उभे. "कोपऱ्यावरच्या व्हिडिओवाल्याला दे की. दहा वर्षं हेच करतोय तो."

"अण्णा, तो जुन्या टेपवाला. हे डिजिटल आहे."

"सरी, तू म्हणतेस तसं. पण आवाज येतोय का ते तरी स्वल्प बघ."

"डिजिटलमध्ये सगळं आपोआप येतं. तुम्ही जा ना, पेपर वाचा."

गेले बिचारे. शेजारच्या खोलीत अप्पा झोपले होते, म्हणून मी स्पीकर बंद करून टाकले. बघा, मला काळजी असते मोठ्यांची. टेप फिरायला लागली. आता तासभर पडद्याकडे बघत बसायचं का? फोन हाताशी होता. वीणाला, माझ्या मैत्रिणीला, फोन लावला आणि मन मोकळं केलं. टेप संपली तेव्हाच फोन ठेवला.

डिस्क झाली, दोन प्रती काढल्या. मधूनमधून चित्र तपासलं, झकास होतं. शनिवारी शेजारचे कुलकर्णीमामा पुण्याला निघाले, त्यांच्या हाती एक दिली. रविवारी जेवणं झाल्यावर दुसरी घरात लावली. अप्पा आरामखुर्चीत, आई, काकू, अण्णा सतरंजीवर. मी टीव्हीशेजारी उभी, कौतुक झेलायला सोयीचं पडावं म्हणून.

पडद्यावर पुरोहितांनी डोळे मिटले, हात जोडले, तोंड उघडलं. आणि खणखणीत आवाज आला, "वीणा, या म्हाताऱ्यांचं करायचं काय गं?"

काकू म्हणाली, "अय्यो, गुरुजी असं का बोलतायत?"

चित्र वायरीतून आलं होतं. आवाजाची वायरही मीच खोचली होती, पण आवाज त्या वायरीतून घे, हे कॉम्प्युटरला सांगायचं असतं. ते मी सांगितलंच नव्हतं. त्याने बापड्याने समोर ठेवलेल्या माइकमधून घेतला. तासभर. शब्द न् शब्द.

मी बंद करायला झेपावले, तर रिमोट काकूच्या मुठीत. "थांब गं, रंगात आलंय."

सुवासिनी ओवाळत होत्या आणि मी सांगत होते, की अण्णांना डिजिटल म्हणजे पचनाची गोळी वाटते. अण्णांनी मान हलवून ऐकून घेतलं. मग तो प्रसंग आला. अप्पा थेट कॅमेऱ्याकडे बघतात, उपरण्याने डोळे पुसतात आणि लेकीला दोन शब्द सांगतात. त्याच दोन शब्दांसाठी तर डिस्क करायची होती.

अप्पांचे ओठ थरथरले. "आत्या? अगं, अखंड पट्टा! पहाटे पाचला देवघरात सुरू होते, ती थांबतच नाही. महिनाभर गोड बोलायचं, नोकरीत रुळले की हॉस्टेल गाठायचं."

अप्पांनी चष्मा सारखा केला. "मी हे म्हणालो नव्हतो," ते म्हणाले. "मुद्दे बरोबर आहेत, पण म्हणालो नव्हतो."

मी फोनकडे धावले. पुण्यात आतेभावाने उचलला. "डिस्क लावू नका," मी किंचाळले.

"आई बघतेय की. दुसऱ्यांदा लावलीय," तो म्हणाला आणि फोन तिच्याकडे दिला.

"चित्र सुरेख हो," आत्या म्हणाली. "आणि आवाज तर जवळ बसून बोलल्यासारखा."

"आत्या, ते मी..."

"एक दुरुस्ती आहे. देवघरात मी पाचला नाही, साडेचारला सुरू होते. तुझी गादी तिथेच घालते, म्हणजे वेळ चुकायची नाही. कधी येतेस?"

झाली, परवानगी मिळाली. टेप शाबूत होती, तेव्हा अण्णांनी कोपऱ्यावरच्या व्हिडिओवाल्याकडून अप्पांच्या खऱ्या आवाजातली डिस्क करून पाठवली. ती आत्याने देवघरात ठेवलीय, एकटी असली की लावते. पाहुणे आले की मात्र माझी.

हो, अजून तिथेच राहते मी. दीड वर्ष झालं. हॉस्टेल बघून आले होते, पण तिथली आमटी काय आत्याच्या हातची असते?

परवा सहा पाहुणे बसले होते. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर डिस्क खरखरली आणि नेमकी अप्पांच्या ओठांवर अडकली. काढून घालून चरे पडणारच की. पाहुणे हिरमुसले.

"बघतेस काय नुसती?" आत्या म्हणाली. "पुढचं तू म्हण."

ट्रे खाली ठेवला, अप्पांसारखे डोळे पुसले आणि म्हटलं.