खालच्या डिव्हिजनची पैसेवारी

माझे सासरे डब्लिनला आले ते ऑगस्टच्या सुरुवातीला, तीन महिन्यांच्या व्हिसावर. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीशी उभे राहून त्यांनी मला विचारलं, "बाई, इथं पिकते काय?"

मी म्हटलं, "बाबा, आपल्या या सँट्री भागात काही पिकत नाही. विमानं उतरतात."

"गवत तं लय हाय," ते म्हणाले आणि उदास होऊन बसले.

युरो यायच्या आधीची ही गोष्ट. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी आठला जायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. मला नोकरीची परवानगी नव्हती. पुण्यात बँकेच्या काउंटरवर चार माणसांना झापणारी बाई मी, इथे येऊन डाळ भिजत घालायची आणि ती फुगताना बघत बसायची. त्यामुळे डोकं तसंही तापलेलंच असायचं. त्यात सासरे. माणूस वाईट नाही हो, देवमाणूस. पण सगळी हयात विदर्भात रेव्हेन्यू खात्यात गेलेली, आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी. रिकामं बसणं म्हणजे त्यांना शिक्षाच. दोन दिवसांत त्यांनी माझे किचनमधले डबे उंचीप्रमाणे लावून टाकले आणि मला मीठ सापडेना. मी मनात म्हटलं, तीन महिने! कर्म माझं.

सुटका केली ती शेजारच्या दारातल्या आजोबांनी. निवृत्त बसड्रायव्हर, एकटेच राहायचे. त्यांचा जीव एकाच गोष्टीत होता, तो म्हणजे आमच्या भागातला फुटबॉल क्लब. मोठा-बिठा काही नाही. आयर्लंडच्या लीगमधली खालची डिव्हिजन, त्यात दहा टीम, आणि मे महिन्यात जी पहिली येईल ती वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार. मॅच बघायला दोनशे माणसं आली तरी जत्रा. आजोबांनी बाबांना सीझनच्या आधीच्या सरावाच्या मॅचला नेलं. परत आले ते थेट माझ्यासमोर उभे. "बाई, आखीव वही हाय का? मोठी पायजे."

तेव्हापासून सुरू झाली पैसेवारी.

पुण्याच्या बाईला पैसेवारी कुठून माहीत असणार? बाबांनीच समजावलं. गावात पीक किती येणार याचा सरकारला अंदाज लागतो. पूर्ण पीक म्हणजे रुपया. मग तलाठी, मंडळ अधिकारी वावरात जाऊन बघतात आणि लिहितात: या गावाचं पीक साठ पैसे, त्या गावाचं चाळीस. आधी नुसता नजरेने जोखलेला नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नासच्या खाली गेलं तर गाव टंचाईत धरतात आणि सवलती मिळतात. पन्नासच्या वर एक पैसा जरी राहिला तर काही नाही.

आणि या माणसाने ती पद्धत उचलून खालच्या डिव्हिजनच्या दहा टीमना लावली! जमीन कशी म्हणजे मैदान. बियाणं म्हणजे नवी पोरं. पाणी म्हणजे सराव. रोगराई म्हणजे कोणाचा गुडघा दुखतो, कोण सारखा दारू पिऊन येतो. ती माहिती आजोबा पुरवायचे, आणि बसड्रायव्हरला गावातलं काय माहीत नसतं! मी वही घेऊन मागे. खेड्यात तलाठ्याच्या मागे दप्तर घेऊन कोतवाल चालतो ना, तशी. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, कितीतरी महिन्यांनी कोणीतरी मला काम सांगत होतं.

एकदा तर आजोबांबरोबर बसने पार स्लायगोपर्यंत गेलो, दुसऱ्या एका टीमची सरावाची मॅच बघायला. सगळे प्रेक्षक खेळाडूंकडे बघत होते आणि आमचे बाबा कुंपणाशी वाकून गवतात अंगठा खुपसत होते. मी लाजेने अर्धी झाले. "बाबा, उठा, लोक बघतायत."

"पाहू दे. उंटावरून शेळ्या हाकाच्या नाईत मले. खाली पाय ठेवल्याशिवाय आकडा लिहाचा नाई."

पहिल्या मॅचच्या दोन दिवस आधी नजरअंदाज जाहीर झाला. मैदानाच्या फाटकाशी बाकावर आजोबा आणि त्यांचे चार-पाच म्हातारे दोस्त बसले होते. बाबांनी उभं राहून, चष्मा पुसून, ऑफिसातल्या इंग्रजीत दहाही टीमचे आकडे वाचले. आमच्या क्लबला अडुसष्ट पैसे. सगळ्यांत वर! म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथे ज्याला क्रॅक म्हणतात, ती फुकटची मजा त्यांना मिळाली होती. एकाने विचारलं, पैसे कसले? बाबांनी त्याला अर्धा तास पैसेवारी शिकवली.

दुसऱ्या दिवशी आजोबा बेटिंग शॉपमधून, म्हणजे पैजा लावायच्या दुकानातून, आले आणि दारातच एक चिठ्ठी फडकवून दाखवली. आपला क्लब डिव्हिजनमध्ये पहिला येणार, यावर त्यांनी आठवड्याची सगळी पेन्शन लावली होती. बाबांची छाती दोन इंच फुगली. संध्याकाळी मुलाला म्हणाले, "पाह्य, सायबाच्या देशात बी माह्या आकड्यावर काम होऊन राह्यलं."

नवरा मला आत म्हणाला, हे जुगाराचं काय चाललंय? मी म्हटलं, तुझे वडील हसतायत ना, मग गप बस.

सप्टेंबर बरा गेला. ऑक्टोबरमध्ये मात्र दृष्टच लागली. गोलकीपरचं मनगट मोडलं. गोल करणारा तो उंच पोरगा इंग्लंडला निघून गेला. लागोपाठ चार मॅच हरले, त्यातली एक तर शेवटून दुसऱ्या टीमशी. दर शनिवारी बाबा वही उघडायचे, काहीतरी खोडायचे, आणि मिटून ठेवायचे. महिनाअखेरीस त्यांनी सुधारित अंदाज काढला. एकेचाळीस पैसे.

त्या दिवसापासून माणूस जेवेना. अर्धी पोळी, दोन घास भात. तब्येत बिघडली असं वाटून मी घाबरले. परत जायला आठवडा राहिलेला, इथे काही झालं तर? नवऱ्याला म्हटलं, टॅलाच्या मोठ्या हॉस्पिटलात आपल्याकडच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना तरी दाखवू. बाबा म्हणाले, "मले काई झालं नाई." आणि पुन्हा खिडकी.

मग दुपारी मी पोळ्या लाटत होते तेव्हा स्वतःच येऊन स्टुलावर बसले.

"बाई, त्या मानसाची पेन्शन गेली माह्यापाई."

"बाबा, मॅच आहे ती. हरतात, जिंकतात. त्यांनी त्यांच्या मर्जीने लावले."

"मर्जीनं नाई. आकडा पाहून." ते पोळपाटाभोवती सांडलेलं पीठ बोटाने एका रेघेत आणू लागले. "एका वर्सी असंच झालं व्हतं. अंगात ताप व्हता, जीपच्या खाली उतरलो नाई. धुऱ्याजवळची पऱ्हाटी, म्हंजे तुमची बांधाकडची कपाशी, हिरवीगार दिसली, म्या त्रेपन्न लिहून देल्लं. आतमधी काईच नोतं. गाव पन्नासच्या वर गेलं. दहावीच्या पोराईची परीक्षेची फी माफ होनार व्हती, ते नाई झाली. एका पोरीनं फॉर्मच नाई भरला. हुशार व्हती, गुरुजी सांगे. मंग बस स्टँडवर तिच्या मायसंग पेरू विके. मले पाह्यलं का हात जोडे. तिले काय मालूम, कोनामुळं."

तव्यावरची पोळी करपली.

"सुधारित पाठवता आला असता," ते म्हणाले. "सायेबानं इचारलं बी व्हतं. म्या म्हटलं, बरोबर हाय आकडा. आपलं चुकलं म्हनाची लाज वाटली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "चाल, त्या दुकानात जाऊ." हातात इंग्रजीत लिहिलेला अर्ज, खाली सही, तारीख. आम्ही बेटिंग शॉपमध्ये गेलो. साडीवरून कोट घातलेली मी आणि टोपीवाले बाबा. टीव्हीवर घोड्यांची शर्यत बघणारे सगळे पुरुष वळून बघायला लागले. काउंटरवरच्या मुलीला बाबांनी नम्रपणे सांगितलं की, ऑगस्टमध्ये एका गृहस्थांनी माझ्या नजरअंदाजावरून पैज लावली आहे, आता परिस्थिती बदललेली असल्याने मी सुधारित अंदाज दाखल करत आहे, तरी त्यांच्या चिठ्ठीत योग्य तो बदल व्हावा.

तिने अर्ज दोनदा वाचला. बिचारी हसली नाही हं, हे मी तिचं कायम लक्षात ठेवीन. म्हणाली, इथे एकदा लावलं की लावलं. बदलता येत नाही.

"सरकारसुद्धा सुधारित मागते!" बाबा म्हणाले.

"आम्ही नाही मागत," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ते फुटपाथवर नुसते उभे राहिले. आणि मला आला राग. त्यांचा नाही, त्या वहीचा, त्या फुटबॉलचा, आणि माझा स्वतःचा, कारण मीच कौतुकाने सगळे रकाने आखून दिले होते. मी म्हटलं, "बाबा, त्या वेळी जे बोलला नाहीत ते आज बोला. आजोबांच्या घरी जायचं आणि सांगायचं, माझा आकडा चुकला. बास."

"अन् पैसे?"

"पैसे असतील तर द्या. पण आधी सांगा."

खिशात पाकीट होतंच. मुलाने नातेवाइकांसाठी शाली-स्वेटर घ्यायला दिलेले पैसे त्यांनी तसेच ठेवले होते. आम्ही सरळ आजोबांच्या दारात. त्यांनी आत बोलावलं, चहा ठेवला. बाबा बसले नाहीत. उभ्यानेच बोलले, वरिष्ठांसमोर उभे असल्यासारखे. माझा अंदाज चुकला, क्लब एकेचाळीस पैशांवर आला आहे, तो पहिला येणार नाही. माझ्या शब्दावर तुमची पेन्शन गेली, ही भरपाई. आणि पाकीट टेबलावर ठेवलं. मला बघवेना.

आजोबा गोंधळून एकदा पाकिटाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा सगळं नीट समजावून सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते उठले, कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि बाबांपुढे उघडला. आत नुसत्या चिठ्ठ्या. पिवळ्या पडलेल्या, रबरबँड लावलेल्या, तीसेक वर्षांच्या. दर वर्षाची एक. पहिल्या मॅचच्या आदल्या दिवसाची, याच क्लबवर, हा पहिला येणार म्हणून.

"दरवर्षी?" बाबांनी विचारलं.

"दरवर्षी."

"कधी जिंकले?"

"एकदा दुसरे आले होते," आजोबा म्हणाले. "त्या वर्षी टेन्शनने मला दवाखान्यात न्यावं लागलं." मग ते सांगू लागले. लोक स्पेनला सुट्टीला जातात, पैसे खर्च करतात, आठवड्यात परत येतात. माझी सुट्टी ऑगस्टला सुरू होते ती मेपर्यंत चालते. जिंकतील की नाही हे मी कोणाला विचारत नाही. विचारलं तर लावायचं धाडस होणार नाही.

"मग माझा आकडा?"

"तुमचा आकडा फार छान होता हो. आमच्या टीमकडे आजवर कोणी इतक्या गंभीरपणे बघितलं नव्हतं. पण मी त्याच्यावर एक पैसासुद्धा लावला नाही."

सांगते, क्षणभर बाबांचा चेहरा पडला. अस्सल सरकारी माणूस! आपला अहवाल कोणी वाचलाच नाही म्हटल्यावर वाईट वाटायचंच. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. चहा घेतला, तीन बिस्किटं खाल्ली. आजोबांनी पाकीट उचलून त्यांच्या वरच्या खिशात नीट घातलं आणि वर थोपटलं. पुढच्या शनिवारच्या गोलकीपरबद्दल दोघं बोलायला लागले. माझ्या खांद्यांवरून कोणीतरी गोणी उतरवली असं मला वाटलं.

मग आम्ही निघालो. आमचं दार दहा पावलांवर. तेवढ्यात बाबा मध्येच थांबले, भिंतीला हात टेकून.

"काय झालं, बाबा?"

"तीस वर्सं आकडे लिहिले, बाई," ते म्हणाले. "आज आकडा साफ चुकला, अन् माह्यापाई कोनाचं काईच गेलं नाई. असं बी असते?"

"असतं, बाबा."

"नाई गेलं ना? खरंच?"

"खरंच नाही."

मग भर दुपारी, उजेडात, तो सत्तरीचा माणूस तोंड उघडून हमसून हमसून रडला. मी त्यांना गप्प केलं नाही. मीही रडले, आणि रडताना मला इतकं हलकं वाटत होतं की दार उघडायचं भान आम्हाला कितीतरी वेळ राहिलं नाही.