बुधवारची अकराची वेळ

"अहो मावशी, फिनेल सोडून डॉक्टरकी सुरू केलीत की काय?"

कॉफीच्या मशीनपाशी सात-आठ जण उभे होते. सगळे हसले. ॲडमिनचे साहेब स्वतः हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत, दुसऱ्यांना हसवतात. मी पोछा हातात धरून उभी. साहेबांचं बोलणं अजून संपायचं होतं. "बहिणीचं डोकं फिरलंय ना? मग येरवड्याला न्या. सरकारनं तुमच्यासारख्यांसाठीच बांधलंय ते."

पुन्हा हसले. एका मुलीला हसू आलं नाही. तिनं कप उचलला आणि ती निघून गेली.

हिंजवडीतली काचेची इमारत. सातवा मजला. मी तिथं साफसफाईला, कंत्राटावर. वय तेहतीस. साहेब माझ्या बापाच्या वयाचे, तरी मी त्यांची मावशी. कामवालीला नाव नसतं, नातं असतं, आणि ते नातंही नुसतं हाक मारण्यापुरतं.

माझा गुन्हा एवढाच होता, की त्या दिवशी सकाळी मी एक प्रश्न विचारला होता.

सातव्या मजल्यावर कोपऱ्यात एक खोली आहे. निळा सोफा, मंद दिवा, टेबलावर पाण्याचं छोटं कारंजं, शेजारी टिश्यूचा डबा. दर बुधवारी तिथं एक समुपदेशक मॅडम यायच्या. कंपनीतली माणसं एकेक तास आत बसून त्यांच्याशी मन मोकळं करायची. फुकट. मी आधी फरशी पुसायची, कारंज्यात पाणी भरायची, नवा डबा ठेवायची. माणसाला रडायला वेळ ठरवून देतात, हे मी जन्मात पहिल्यांदा तिथं पाहिलं.

बुधवारी अकराची वेळ एका टीम लीड मॅडमची होती. बाळंतपणाची रजा संपवून आलेल्या. बाळ सात महिन्यांचं. बाहेर आल्या की डोळे लाल. मैत्रिणी खांद्यावर हात ठेवायच्या, कुणी पाणी आणून द्यायचं. मॅनेजरनं त्यांना आठवड्यातले तीन दिवस घरून काम दिलं. "काळजी घे," सगळे म्हणायचे. "पोस्टपार्टम आहे," हळू आवाजात सांगायचे, आदरानं.

मी जळायची. खोटं कशाला बोलू? एका बुधवारी मी मुद्दाम टिश्यूचा डबा रिकामा ठेवला. मॅडम ओढणीनं नाक पुसत बाहेर आल्या. मला दिवसभर बरं वाटलं.

कारण त्याच दिवसांत माझी धाकटी बहीण गावाकडं काय भोगत होती, ते मला माहीत होतं.

वेल्ह्याच्या पुढं डोंगरात आमचं गाव. सुमनचं सासरही त्याच गावात. दुसरं बाळंतपण झालं आणि महिन्याभरात सुमन गप्प झाली. झोप नाही, खाणं नाही. पोर रडत राहायचं, ही आढ्याकडं बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "आक्का, ह्या पोराला दुसरी आई बघा." सासू म्हणाली, बाहेरचं आहे. ओली बाळंतीण ओढ्यावर गेली होती, तिथलंच काही लागलं. उतारा टाकला. अंगारा लावला. गुण आला नाही तेव्हा देवऋषी बोलावला.

त्या रविवारी मी गावातच होते. देवऋषी म्हणाला, "हात धरा हिचे, घट्ट." मी धरले. माझ्या सख्ख्या बहिणीचे दोन्ही हात मीच धरले आणि त्यानं तिच्या नाकाखाली मिरच्यांची धुरी दिली. सुमन खोकत होती, माझ्याकडं बघत होती. मला वाटत होतं की मी तिला वाचवते आहे. पुण्यात दहा वर्षं राहून, सातव्या मजल्यावर काम करूनही मला तसंच वाटत होतं.

मग त्या खोलीबाहेर एक पोस्टर लागलं. एरवी सगळी इंग्रजीत, हे मराठीत. काच पुसता पुसता मी वाचलं. बाळंतपणानंतर झोप येत नाही? बाळाकडं बघावंसं वाटत नाही? मरणाचे विचार येतात? हा आजार आहे. बरा होतो.

फडकं तसंच हातात राहिलं. त्यात सुमनच लिहिलेली होती, ओळ न् ओळ. म्हणजे आजार एकच. मॅडमला झाला तर त्याला इंग्रजी नाव आणि तीन दिवस घरून काम. सुमनला झाला तर भूत आणि मिरच्या.

आणि शनिवारच्या अमावस्येला देवऋषी तिला डोंगरावरच्या देवळात एकवीस दिवस साखळीनं बांधून ठेवणार होता. पोर सासूजवळ ठेवणार होते. घरात सगळ्यांचं ठरलं होतं.

म्हणून बुधवारी सकाळी समुपदेशक मॅडम आल्या आल्या मी विचारलं. मला तास नको होता, सोफा नको होता. एवढंच विचारलं, की बहिणीला असं असं होतंय, कुठं नेऊ?

मॅडम गोड हसल्या. "मावशी, ॲक्च्युअली हे फक्त एम्प्लॉयीजसाठी आहे. आणि गावाला किती शांत असतं! मोठं कुटुंब, मोकळी हवा. तुम्हा लोकांना कुठलं डिप्रेशन? उलट आम्हीच वीकेंडला तिकडं येतो, डोकं शांत करायला."

येतात, खरंच. आमच्या गावाच्या खाली धरणाकाठी तंबू लागतात. ज्या डोंगराकडं बघून ह्यांचं डोकं शांत होतं, त्याच डोंगरावर माझ्या बहिणीला बांधणार होते.

मॅडमनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी कॉफीच्या मशीनपाशी मला गाठलं. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

दुपारी सुपरवायझर कागद घेऊन आला, मागं साहेब. माफीनामा. 'मी नेमून दिलेल्या कामाव्यतिरिक्त वर्तन केले, पुन्हा करणार नाही.' खाली सहीला जागा. तोपर्यंत मी किती कागदांवर सह्या केल्या असतील, वाचल्याशिवाय. हा वाचला.

"सही करणार नाही," मी म्हटलं.

साहेब म्हणाले, "मग उद्यापासून आपण येऊ नये."

"नाही येत."

आवाज माझाच होता, तो मी बऱ्याच वर्षांनी ऐकला. जाताना ते पोस्टर भिंतीवरून काढलं, गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. कुणी अडवलं नाही.

गुरुवारी पहिल्या एसटीनं गावी गेले. सुमनच्या घरी ओसरीत पोस्टर पसरलं, मोठ्यानं वाचलं. म्हटलं, हिला पुण्याला नेते, येरवड्याच्या सरकारी दवाखान्यात.

सासू कपाळावर हात मारून म्हणाली, "येरवड्याला? आगं, गावात तोंड दावायचं का न्हाई आमी? लोकं म्हंत्याल, पोरांची आय येडी हाय."

"वेडी नाही. आजारी आहे," मी म्हटलं. "आमच्या कंपनीत एक मोठ्या मॅडम आहेत. गाडी आहे, बंगला आहे. त्यांनाही बाळंतपणानंतर हेच झालं. त्यांना कुणी देवळात बांधलं नाही. डॉक्टर दिला."

सुमनचा नवरा इतका वेळ खाली मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली. "मोठ्या लोकान्ला बी हुतं?"

"होतं."

"मंग न्या," तो म्हणाला.

जिचा मी हेवा केला, जिला नाक पुसायला कागद ठेवला नाही, तिच्याच दुखण्याची साक्ष मला काढावी लागली. बहिणीचं दुखणं पुरेसं नव्हतं. शहरातल्या बाईला झालं म्हणून ते खरं ठरलं. त्या दिवशी जेवढी जळले तेवढी आधी कधीच जळले नव्हते.

साहेबांनी शिवी म्हणून दिलेला पत्ता मी पत्ता म्हणून वापरला. रांग मोठी होती. आमच्या पुढं सातारा होता, मागं नगर होतं, लांब लांबून रात्रीच निघालेली माणसं. डॉक्टरबाईंनी आधी सुमनचं नाव विचारलं, मग झोप कशी लागते ते. गेल्या पाच महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

गोळ्या सुरू आहेत. सुमन आणि पोर माझ्याजवळ पुण्यात, वारज्यातल्या खोलीत आहेत; थोरलं आजीजवळ गावात. मी आता एका खानावळीत पोळ्या लाटते. सुमन झोपते. पोराला घेते, कधी नाही घेत. बरी होईल, पण वेळ लागेल. गावाकडच्या सरकारी दवाखान्यात विचारलं तर ह्या गोळ्या तिथं नाहीत, मनाचा डॉक्टरही नाही. म्हणजे ती सासरी परतली की दर महिन्याला दिवसभराची पायपीट. थकली की गोळ्या बंद. गोळ्या बंद झाल्या की देवऋषी आहेच, तो पायी चालत घरापर्यंत येतो.

सुमन एकटी नाही. आमच्या चुलतीनं विहिरीत उडी घेतली तेव्हा तिची पोर दीड महिन्याची होती. भूत म्हणाले. वरच्या आळीतली एक बाई माहेरी टाकलेली आहे. तिलाही भूतच म्हणाले.

माझा हेवा गेलेला नाही. तो घालवायचाही नाही. त्या मॅडमचं काही कमी व्हावं असं आता वाटत नाही. पण तिला मिळालं ते आमच्या डोंगरात हवं, आणि ते उपकार म्हणून नको. येत्या ग्रामसभेत मी उभी राहणार आहे. डॉक्टर आणि गोळ्या मागणार आहे. हसतील. हसणारी माणसं मी पाहिलीत. नाही ऐकलं तर तालुक्याला जाईन, तिथून जिल्ह्याला.

काल सुमनला विचारलं, "सभेत तुझं नाव घेऊन सांगू का? का नुसतं 'एक बाई' म्हणू?"

ती पोराला पाजत होती. तिनं त्याला दुसऱ्या अंगावर घेतलं. मग म्हणाली, "माजंच घे, आक्का. मला न्हाई लाज वाटत. वाटायची त्यान्ला वाटू दे."

घेणार. भर सभेत, मोठ्यानं घेणार.